बायाक्काच्या खानावळीची चौकशी

निपाणी,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

परशा, राम राम.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला नाही याला कारण तुझे कान. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलीस, आता तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं. आणि ही गोष्ट गल्लीला ऐकवायची नाही.

मंथननं लग्नाचं काढलं आहे. काढलं म्हणजे काय, स्वतःच ठरवून आला. नाताळच्या सुट्टीत घरी आला होता, जेवता जेवता म्हणाला, "आप्पा, एक मुलगी आहे. करिष्मा." कुणाची, म्हणून विचारलं. तर उद्यमबागेजवळ बायाक्का नावाच्या बाईची खानावळ आहे, तिची. मंथन तीन वर्षं, म्हणजे कंपनीत लागल्यापासून, तिथंच जेवतो. मुलगी बी. कॉम. झालेली आहे आणि खानावळीचं बाहेरचं सगळं तीच बघते, असं म्हणाला.

मी विचारलं, "वडील काय करतात?" पोरगं गप्प. मग म्हणालं, "आहेत."

आहेत! परशा, वडील काय करतात याला 'आहेत' हे उत्तर असतं का? पुढं काही विचारलं की ताटातली भाकरी चिवडत बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला.

मी जन्मभर वखारीत तंबाखू पारखली. गठ्ठा वरून कितीही कोरडा दिसला तरी मधे हात घातल्याशिवाय मी तो पुढं जाऊ दिला नाही. इथंही मधे हात घालायचा आहे आणि माझा हात तिथवर पोचत नाही. तुझा पोचतो. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यापासून तू तसाही तिन्ही त्रिकाळ बाहेरच खातोस. बेळगावात कुठं काय चांगलं मिळतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तेव्हा पंधरा दिवस त्या खानावळीत जेव. माणसं कशी आहेत, घर कसं आहे, बाप कोण आणि कुठं आहे, बघ आणि लिहून कळव. दुपारीच जा. दुपारी मंथन कंपनीत असतो, त्याच्या नजरेला पडायचा नाहीस.

कुणाला बोलू नकोस. तू माझा कोण आहेस हेही तिथं सांगू नकोस.

तुझा,
ज्योतिबा


वडगाव, बेळगाव,
शुक्रवार, १७ जानेवारी

ज्योत्या,

तुझं पत्र वाचून लई हसलो. आजवर लोकांनी मला खाऊ नको म्हणून सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, बायकोनं सांगितलं. खा म्हणून कामाला लावणारा तूच पहिला.

काम चोख करतोय. सकाळचं माझं ठरलेलं असतंय, ते काय मोडलं न्हाय. सातला शहापूरला जायचं, तिथं एक म्हातारा वाटीनं दाबून एकाच ताटलीत उप्पीट आणि शिरा घालतोय. मधली रेघ पुसली गेली की खरी चव लागती. तिथनं गोवावेशीला बाय-टू चहा, माझा अर्धा आणि दुसरा अर्धा जो कोण शेजारी उभा असंल त्याचा. बेळगावात चहाला ओळख लागत न्हाय. आणि बाराच्या ठोक्याला उद्यमबाग.

खानावळ म्हणजे पत्र्याची लांब शेड. आठ टेबलं. दारात पाण्याचं पिंप, शेजारी साबणाची पूड, कारण फाउंड्रीतली पोरं काळे हात घेऊन येतात. मागच्या बाजूला तीन बाया भाकरी थापत असतात. मला आता आवाज धड ऐकू येत न्हाय, पण थापायचा दणका टेबलातनं कोपराला लागतोय. जागा सापडायला उभं राहावं लागतंय, ज्योत्या, एवढी गर्दी.

बायाक्का पंचावन्नच्या घरातली. मूळची बैलहोंगलकडची, मायलेकी आपसात कानडी बोलतात आणि बाकी जगाशी मराठी. डावं मनगट वाकडं हाय, मोडून बसलेलं दिसतंय. दारात उभी असती आणि प्रत्येकाचं ताट उठताना बघती. मी एक दिवस थोडा भात टाकला. "का टाकला? शिजला न्हवता काय?" म्हणून अख्ख्या शेडीसमोर विचारलं. लाजंनं परत बसून खाल्ला.

मुलगी चलाख. कोण तिखट खातोय, कोणाचा उपास हाय, सगळं तोंडपाठ. माझं ऐकू येत न्हाय हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं, तेव्हापासून ती माझ्यासमोर येऊन, तोंडाकडं बघू देऊन बोलती. हे सगळ्यांना सुचत न्हाय.

आता एक सांगतो, तू बस जरा. बुधवारी भरली वांगी होती. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. जयावहिनीची वांगी! कारळ्याचं कूट, विस्तवावर काळं केलेलं खोबरं आणि चिंचेच्या जागी वाळवलेल्या कैरीची फोड. ही रीत मी निपाणीत तुझ्या घराशिवाय कुठं खाल्लेली न्हाय. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली आणि मी इथं उद्यमबागेत बसून त्यांच्या हातचं खातोय असं वाटलं. डोळ्यात पाणी आलं ते तिखटाचं म्हणून पुसलं.

नवऱ्याचं विचारलं. शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं सांगितलं, "ते हिंडलग्याला असतात." परत विचारायला गेलो तर हसला आणि ताकाचा गलास तोंडाला लावला.

जेवण एक नंबर हाय. बाकी बघतोय.

परशराम


निपाणी,
मंगळवार, २१ जानेवारी

परशा,

तू काय लिहिलंस ते तुला कळलं का? 'हिंडलग्याला असतात!' बेळगावचा माणूस हिंडलग्याला असतो म्हणजे कुठं असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिथं तुरुंग आहे. आणि तो माणूस हसला म्हणतोस! मंथन का गप्प झाला ते आता कळलं. सासरा जेलात. मी पत्रिकेत काय छापू?

आणि त्या वांग्यांनी तर माझी झोप उडवली. जयाचा हात जयाबरोबर गेला. शेवटची दोन वर्षं तिचे हात एवढे थरथरायचे की चमचा धरवत नव्हता. तेव्हा शेजारच्या नागुबाई स्वयंपाक करून द्यायच्या, त्यांनी तिची रीत उचलली होती. पण नागुबाई काही बेळगावला गेलेल्या नाहीत. म्हणजे मंथननं सांगितलं असणार. आता विचार कर. घरातली चव काढून घ्यायची, तीच पोराला रोज वाढायची, आई गेलेल्या पोराला. याला काय म्हणतात? मला तर हे ठरवून केलेलं दिसतं.

दोन गोष्टी शोध. बाप कुठल्या गुन्ह्यात आत आहे? आणि आत चुलीपाशी स्वयंपाक कोण करतं?

लवकर लिही. जेवणाची वर्णनं कमी कर.

ज्योतिबा


वडगाव,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ज्योतिबा,

उत्तराला उशीर झाला. जरा अंग कणकणत होतं.

बापाचं आधी सांगतो. मी स्वतः बस धरून हिंडलग्याला गेलतो. तुरुंगात न्हाय, गावात. हिंडलगा गावबी हाय हे तू विसरलास आणि तुझ्या नादानं मीबी विसरलो. कल्लाप्पा नाव. चार एकर रान, त्यात भाजीपाला. नव्वदीची आई हाय, ती गाव सोडत न्हाय म्हणून हा रान सोडत न्हाय. मुलीच्या शिक्षणासाठी बायाक्का शहरात आली, खानावळ काढली, ती तिकडंच रुजली. चौदा वर्षं असंच चाललंय. भांडण न्हाय, पण एका घरात ऱ्हाणंबी न्हाय. सांगायला अवघड म्हणून मंथन 'आहेत' म्हणाला असंल. फाउंड्रीवाली पोरं मात्र 'मालक हिंडलग्याला' म्हणून चेष्टा करतात. खानावळीची मेथी, वांगी, कोथिंबीर सगळी कल्लाप्पाच्या रानातली. मला बांधावर बसवून ओला हरभरा भाजून दिला. माणूस कमी बोलतोय, मला बरं पडलं.

स्वयंपाक कोण करतंय ते नीट कळलं न्हाय. आत धूर लई असतोय.

बाकी बेळगावात यंदा थंडी चांगली हाय. टिळकवाडीत मी तुला पूर्वी नेलतो तो लोण्याचा डोसा अजून तसाच, उभ्यानंच खायचा. कॅम्पात गोटीचा सोडा देणारा परत बसायला लागलाय. कुंदा घेणार असलास तर मोठ्या दुकानातला घेऊ नको. गणपत गल्लीच्या मागं एकजण अजून दूध स्वतः आटवतोय, दुपारी चारला कढई उतरती, गरम असतानाच पानावर घ्यायचा. वडगावात संध्याकाळी चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजी हैतच. तू ये एकदा, सगळीकडं फिरू.

मंथनला फोन करतोस का? करत जा. उलटतपासणी नको, नुसतं बोल. पोरगं बोलंल.

तुझा,
परशराम


निपाणी,
रविवार, ९ फेब्रुवारी

परशराम,

पन्नास वर्षांत तू मला कधी 'प्रिय ज्योतिबा' लिहिलं नाहीस. त्या दोन शब्दांनीच मला सांगितलं की पुढं खोटं आहे.

मी जेवणाची वर्णनं कमी कर म्हणालो, तर तू अर्धं पत्र सोडा आणि कुंद्यानं भरलंस. विचारलेल्या प्रश्नाला एक ओळ. धूर असतो म्हणे. म्हणून मी माझ्या पुतण्याला, भरमाला, गुरुवारी टेम्पो घेऊन बेळगावला जाताना तिथं जेवायला धाडला. त्यानं काय बघितलं ते ऐक. तू टेबलावर नव्हतास. तू आत, स्वयंपाकघरात, स्टुलावर बसला होतास. मांडीवर सूप, सुपात लसूण. ती बायाक्का काहीतरी बोलत होती आणि तू हसत होतास. चुलीपुढं डोक्याला पंचा गुंडाळलेला एक आचारी पाठमोरा उभा होता. आचारी पुरुष आहे एवढं भरमाला पाच मिनिटांत दिसलं. तुला महिन्यात दिसलं नाही. ज्या धुरात तुला कोण आहे ते दिसत नाही, त्याच धुरात तुला लसूण सोलायला बरा दिसतो.

कोण आहे तो आचारी? घरातला पुरुष रानात आणि चुलीपाशी दुसराच, हे काय प्रकरण आहे? तुला गप्प बसायला कुणी सांगितलं?

मी तुला माझी नजर म्हणून तिथं बसवला. त्यांनी तुला चार वांगी वाढली आणि तू त्यांचा झालास. पोटानं माणूस फितवता येतो हे मला माहीत होतं, पण तो माणूस तू असशील असं वाटलं नव्हतं.

खरं लिहायचं असेल तर लिही. नाहीतर लिहू नकोस.

ज्योतिबा


वडगाव,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

ज्योत्या,

खरं लिहितो. मग तुझं तू बघ.

तो पाठमोरा आचारी तुझा मंथन हाय.

चोवीस जानेवारीला मला कळलं. पुन्हा वांगी होती. मला ऱ्हावलं न्हाय, हात धुवायच्या निमित्तानं मी आत शिरलो, म्हटलं या हाताला नमस्कार तरी करावा. तर पंचा बांधलेला गडी वळला आणि आम्ही दोघंबी तसंच उभं. पोराच्या हातात उलथनं. मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. "काका," म्हणाला, "आप्पांनी धाडलं काय?" मला खोटं बोलता आलं न्हाय. मान हलवली.

त्याच्या कंपनीनं जूनमधी त्याचा विभागच बंद केला. तुला सांगायची छाती झाली न्हाय. दोन महिने नोकरी हुडकत फिरला. ऑगस्टमधी बायाक्का ओल्या फरशीवर घसरून पडली, मनगट मोडलं. भाकरीला बाया होत्या, पण भाजी-आमटीला कोण न्हाय. दोन दिवस शेड बंद. तिसऱ्या दिवशी हा गेला आणि म्हणाला, "मला येतंय." बायाक्कानं आधी ऐकून घेतलं न्हाय, एका वेळंचं करून दाखव म्हणाली. त्या दुपारी पोरांनी दोन-दोनदा आमटी मागितली. त्या दिवसापासनं तोच चुलीवर. गर्दी बघून मी तुला लिहिलं न्हवतं काय, उभं राहावं लागतंय म्हणून? ती तुझ्या पोराच्या हाताची गर्दी हाय. त्याला आता नोकरी नकोच हाय, ज्योत्या. हेच करायचं म्हणतोय.

त्यानं मला पंधरा दिवस मागितले. "मी स्वतः सांगतो आप्पांना, तुम्ही सांगू नका." मी दिले. त्यानं सांगितलं न्हाय आणि मी तुला कुंद्याच्या गोष्टी सांगत बसलो. ही माझी चूक.

आता तुझी सांगतो. नागुबाई स्वयंपाक करायच्या असं तू मला लिहिलंस. मला, ज्योत्या! मी मंथनला विचारलं, तुला हे सगळं कुणी शिकवलं? म्हणाला, "आईनं. ती पाटावर बसून सांगायची, मी करायचो. दोन वर्षं." नागुबाईंचं नाव काढल्यावर पोरगं नुसतं हसलं. तसलं हसणं मला दुसऱ्यांदा बघायचं न्हाय.

आणखी एक. तुझं पत्र मिळाल्यावर मी बायाक्काला जाऊन सगळं सांगितलं. तुमच्या पंगतीत मी जेवायला न्हाय, पारखायला बसलोय, म्हणून. माझं अर्धं जेवण झालं होतं. तिनं ते पुरं होऊ दिलं. ताट उचलल्यावर म्हणाली, "उद्यापासनं येऊ नका." करिष्मानं तेवढं मला तोंड समोर धरून परत सांगितलं, ऐकू आलं नसेल म्हणून. आलं होतं.

मी उद्या पुण्याला बायकोकडं निघालोय. इथं आता जेवण गोड लागत न्हाय.

परशराम


उद्यमबाग, बेळगाव,
सोमवार, १७ फेब्रुवारी

मंथनच्या आप्पांना नमस्कार.

लिहिते आहे मी, करिष्मा. आई कानडीत सांगते आहे, मी मराठीत उतरवते आहे. माझ्या मनाचं काही घातलेलं नाही.

आई म्हणते: तुमचे मित्र एक महिना आमच्याकडं जेवले. तुमचा पुतण्याही येऊन गेला. तुम्ही मात्र आला नाहीत. माझ्या शेडीत कुणीही येतं, दाराला कडी नसते. तुम्ही येऊन "मी मंथनचा बाप, तुमचा नवरा कुठं असतो?" असं विचारलं असतं तर मी बसवून सांगितलं असतं, हिंडलग्याला नेऊन दाखवलंही असतं. तुम्ही माझ्या ताटाआडून विचारलंत. मुलगी द्यायची ती माणसात द्यायची. ज्या घरात प्रत्येक गोष्ट पाठीमागून तपासतात तिथं मी माझी मुलगी देणार नाही. हे स्थळ झालं नाही असं समजा.

मंथनला आम्ही कामावरून काढलेलं नाही. तो चांगला आहे. त्यानंही लपवलं, त्याबद्दल त्याला मी वेगळं बोलले आहे.

आईचं संपलं. माझी एकच ओळ: मंथन तीन दिवस नीट जेवलेला नाही, आणि हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

करिष्मा


बेळगाव,
रविवार, २ मार्च

परशा,

हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. वडगावला तुझ्या दाराला कुलूप होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणार होतो. बायाक्काचं आलं तेव्हा दोन्ही घेऊन आठ दिवस घरात बसलो. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, सुटलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, तुम्ही सगळे मिळून मला फसवताय. पाचव्या दिवशी भरमाला विचारलं, "तो पाठमोरा माणूस तुला ओळखीचा वाटला नाही?" म्हणाला, "आप्पा, त्याला तसं काम करताना आम्ही कधी बघितलंच नव्हतं." ते मला लागलं. बघितलं नव्हतं, कारण मी बघू दिलं नव्हतं.

गुरुवारी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, मी बस धरली. दीड वाजता शेडीत पोचलो. दारातच बायाक्का होती. मी म्हणालो, "मी मंथनचा बाप." तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बसा." त्यात या असंही नव्हतं आणि जा असंही नव्हतं.

आतल्या दारातून मला तो दिसला. डोक्याला पंचा, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यानंही मला बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग गेला, पण हात थांबला नाही. तिथूनच म्हणाला, "आप्पा, पाच मिनिटं. आता भाजी सोडली तर करपेल." माझ्या पोरानं मला आजवर कधी थांबवलं नव्हतं. मी थांबलो.

तेवढ्यात करिष्मा समोर येऊन बसली. म्हणाली, "काका, तुम्ही आमची चौकशी केलीत. आता मी तुमची करू?"

मी म्हणालो, "कर."

"मंथन काय करतो असं निपाणीत कुणी विचारलं तर काय सांगणार?"

परशा, सोपं उत्तर आहे. पण ते द्यायला मी एवढा वेळ लावला की शेजारचा फाउंड्रीवाला माझ्याकडं वळून बघायला लागला. मग म्हणालो, "खानावळीत स्वयंपाक करतो."

"आणि त्याची आई आजारी होती तेव्हा घरात स्वयंपाक कोण करायचं?"

मी इकडंतिकडं बघितलं. टेबलावर सहा माणसं होती. मंथन तोवर दारात येऊन उभा होता, हातात पळी. त्याच्यासमोर मला नागुबाईंचं नाव घेता आलं नाही.

"हाच करायचा," मी म्हणालो. "पहाटे उठून जयाला पाटावर बसवायचा आणि ती सांगेल तसं करायचा. पाहुणे आले की मी त्याला मागच्या दारानं बाहेर जायला सांगायचो आणि नागुबाईंनी केलंय म्हणायचो. पाहुणे गेले की तो परत येऊन भांडी घासायचा. मला लाज वाटायची. पोरगा चुलीपाशी बसतो म्हणून लोक हसतील असं वाटायचं. आज मला त्या दाराची लाज वाटते."

  आतून कुणीतरी हाक मारली आणि मंथन वळून गेला. मला वाटलं, गेलं सगळं.

करिष्मानं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "अव्वा, इवरिगे नीडु." यांना वाढ. तेवढं कानडी मला येतं.

बायाक्कानं स्वतः वाढलं, त्या वाकड्या हातानं ताट धरून. हुलग्याचं सार, मेथीची पचडी, भाकरी. गरम भाकरी घेऊन मंथन आला, ताटात टाकली आणि माझ्या खांद्याला एक क्षण हात लावून गेला. मी जयाची चव शोधायला गेलो नाही. ती नव्हतीच. सारात लसूण जरा जास्त होता आणि मिरीही होती. ही त्याची स्वतःची रीत होती आणि मी ती पहिल्यांदा खात होतो. दोनदा मागून घेतलं.

ताट उठल्यावर मी बायाक्कासमोर हात जोडले. म्हणालो, "चुकलो. तोंडावर विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "रविवारी या. मालकांना बोलावते."

तीन दिवस अनगोळला मंथनच्या खोलीवर राहिलो.  दुसऱ्या दिवशी त्यानं मला कंपनीचं ते पत्र दाखवलं. जूनपासून उशाखाली होतं. मी वाचलं आणि म्हणालो, "मला सांगायचं होतंस." तो म्हणाला, "तुम्ही लोकांना काय सांगणार होता, आप्पा?" तो रागानं बोलला नव्हता.

आज कल्लाप्पा हिंडलग्याहून आले. तुझं खरं आहे, कमी बोलतात. मला म्हणाले, "तुमचा मित्र बरा आहे काय? त्याला हरभरा आवडला होता." मग बायाक्कानं अटी सांगितल्या. लग्नानंतर दोघं बेळगावातच राहतील. खानावळ दोघं चालवतील. आणि पत्रिकेत मंथनच्या नावापुढं कंपनीबिंपनी काही लिहायचं नाही. मी तिन्ही मान्य केल्या. तिसरीवर करिष्मा माझ्या तोंडाकडं बारीक बघत होती, मी नजर काढून घेतली नाही.

साखरपुडा पाडव्यानंतरच्या गुरुवारी, हिंडलग्याला, कल्लाप्पांच्या रानात. त्यांच्या आईला बघता यावा म्हणून.

तुला मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही. चार वांग्यांत फितलास म्हणालो. तू दोघांचं लपवलंस, माझं आणि त्याचं, आणि शेवटी ज्यांचा काही दोष नव्हता त्यांना जाऊन खरं सांगितलंस. मला ते जमलं नसतं. बायाक्कानं विचारलं आहे, ते बहिरे पाहुणे कधी येणार? लसूण सोलायचा पडलाय म्हणाली. वहिनींना घेऊनच ये.

आता एकच भांडण उरलं आहे. साखरपुड्याचा स्वयंपाक मी करणार म्हणून मंथन अडून बसला आहे. मी म्हटलं, अरे, नवऱ्या मुलानं त्या दिवशी चुलीपाशी उभं राहायचं असतं का? दोन्हीकडचे पाहुणे येणार, भाऊबंद येणार, वखारीतली माणसं येणार. ऐकत नाही. करिष्मा त्याच्याच बाजूनं. तू येशील तेव्हा त्याला दोन शब्द समजावून सांग.

नको, राहू दे. करू दे त्याला. सगळ्यांसमोर करू दे.

तुझा,
ज्योत्या